पुकारलेला भाव आणि हातात पडणारी पट्टी : परदेशी सहलीसाठी चलनदर समजून घेताना

परभणीच्या आमच्या गल्लीतील एक निवृत्त शिक्षक दांपत्य गेल्या हिवाळ्यात थायलंडला जाऊन आले. निघण्याच्या महिनाभर आधीपासून गुरुजी रोज सकाळी वर्तमानपत्रातील चलनदर वहीत टिपून ठेवत होते. परत आल्यावर ती वही, विमानतळावरची पावती, बँकॉकमधील चलन बदलणाऱ्या दुकानाची चिठ्ठी आणि बँकेच्या कार्डाचे विवरण असे सगळे कागद घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, पेपरात एका बाथला दोन रुपये ऐंशी पैसे, विमानतळावर तीन रुपये दहा पैसे, हॉटेलच्या बिलाला कार्डावर दोन रुपये ब्याण्णव पैसे, आणि बाईंनी रेशमी कापड घेतले त्या दुकानात जवळजवळ तीन रुपये. यातला खरा दर कोणता म्हणायचा?”

चारही दर खरे होते. मात्र ते चार वेगवेगळ्या व्यवहारांचे होते, आणि सहलीला जाणाऱ्या माणसाला त्यांपैकी पेपरातला दर कोणीही देत नाही. वाणिज्य शिकवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, आणि या विषयात माणसे कुठे अडतात ते मी जवळून पाहिले आहे. “सध्या डॉलर किती आहे?” हा प्रश्न सगळे विचारतात, “माझ्याकडून एकूण किती रुपये जातील आणि माझ्या हातात त्यांचे किती पैसे पडतील?” हा प्रश्न फार थोडे विचारतात. पुढील सर्व विवेचन या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आकडे गुरुजींच्या कागदांवरून घेतले आहेत, पण हिशोबाला सोपे जावेत म्हणून ते गोल केले आहेत. डॉलर ९० रुपये आणि बाथ २ रुपये ८० पैसे असे धरून चालू. आपण वाचाल तेव्हा दर बदललेला असेल, पद्धत मात्र तीच राहील.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीन घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला यातले मर्म नव्याने सांगावे लागत नाही. सौद्यात पुकारलेला भाव एक असतो, आणि हमाली, तोलाई, ओलाव्याची कपात असे सगळे वजा जाऊन हातात पडणारी पट्टी दुसरीच असते. शहाणा शेतकरी दोन आडत्यांची तुलना करताना नुसता भाव विचारत नाही, तो पट्टी विचारतो. चलनाच्या बाबतीत पेपरातला दर म्हणजे पुकारलेला भाव होय. मोठ्या बँका एकमेकींशी लाखो डॉलरचे व्यवहार करतात, त्या व्यवहारांतील खरेदी आणि विक्री यांच्या मधोमध असणारा हा दर आहे, म्हणून त्याला मध्य दर म्हणावे. भारतात डॉलर, पौंड, युरो आणि येन यांसाठी कामकाजाच्या दिवशी दुपारी संदर्भ दर जाहीर होतो. पूर्वी तो रिझर्व्ह बँक जाहीर करीत असे, २०१८ पासून ‘फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया’ ही संस्था करते. हा दर आपल्याला मिळणारा नसला तरी निरुपयोगी नाही. तो मोजपट्टी आहे, आणि समोरचा माणूस आपल्याकडून किती घेतो हे त्या मोजपट्टीवाचून कळत नाही.

चलन बदलणाऱ्या दुकानाच्या फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात, खरेदी आणि विक्री. येथे नवख्या माणसाचा नेहमी घोटाळा होतो, कारण हे शब्द दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. आपण डॉलर खरेदी करायला गेलो, तर तो आपल्याला विकतो. म्हणून आपल्याला लागू होतो तो ‘विक्री’चा, म्हणजे मोठा आकडा. परत येऊन उरलेले डॉलर मोडायला गेलो, की ‘खरेदी’चा लहान आकडा लागू होतो. सराफाकडे नवे सोने घेण्याचा भाव आणि जुने सोने मोडण्याचा भाव वेगळा असतो, तसेच हे आहे. समजा फलकावर खरेदी ८८.२० आणि विक्री ९१.८० असे लिहिले आहे. कोणी हजार डॉलर घेतले आणि सहल रद्द झाल्यामुळे त्याच दिवशी त्याच खिडकीवर परत दिले, तर ९१,८०० रुपये देऊन ८८,२०० रुपये हातात येतील. दर तसूभरही न हलता ३,६०० रुपये गेले. हे अंतर हीच दुकानदाराची कमाई असते. म्हणून ‘कमिशन नाही’ अशी पाटी दिसली, तरी तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. कमिशन दरातच मिसळलेले असते.

मराठवाड्यातील माणसाला हा विषय परका वाटू नये असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या आजी-आजोबांनी दोन चलनांत आयुष्य काढले आहे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत असे आणि इंग्रजी मुलखात कलदार. लातूर, धाराशिव हा भाग निजामाकडे आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे होती. त्यामुळे बार्शीच्या बाजाराला माल घेऊन जाणाऱ्याला अवघ्या काही कोसांवर चलन बदलावे लागे. सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये असे ठरलेले प्रमाण होते, म्हणजे शंभर कलदारांना ११६ हाली रुपये, १० आणे आणि ८ पै. माझी आजी सांगत असे की दर पाठ असूनही सराफाकडून मोजून घेताना बट्टा किती कापला हे पाहिल्याशिवाय आजोबा पायरी उतरत नसत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी हाली सिक्का पुढे काही वर्षे भारतीय रुपयाच्या जोडीने चालत राहिला आणि १९५९ मध्ये पूर्णपणे बंद झाला. ‘सराफ’ या अरबीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थच नाणी बदलून देणारा असा आहे. त्याही मागे जायचे, तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील समुद्रव्यापाराच्या नोंदीत पैठण आणि तेर या आपल्या दोन गावांचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याचे लिहिले आहे, आणि त्याच नोंदीत भडोचला येणारी रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो असेही नमूद आहे. चलन बदलणाऱ्याचा नफा दोन हजार वर्षे जुना आहे. तो योग्य किती आणि अवाजवी किती, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

ते पाहण्याची रीत साधी आहे. आपल्याकडून गेलेले एकूण रुपये, सर्व शुल्क आणि कर धरून, हातात पडलेल्या परकीय चलनाने भागावेत. जो आकडा येईल तो आपला खरा दर. त्याची त्या दिवशीच्या मध्य दराशी तुलना करावी आणि तो किती टक्के जास्त आहे हे काढावे. ही टक्केवारी हाच आपला बट्टा. गुरुजींनी विमानतळावर १०,००० बाथ घेतले आणि ३१,००० रुपये दिले. मध्य दराने त्यांची किंमत २८,००० रुपये होत होती. तीन हजार रुपये, म्हणजे जवळजवळ ११ टक्के बट्टा त्यांनी दिला, आणि पावतीवर त्या तीन हजारांचा उल्लेख कुठेही नव्हता. महिनाभर वहीत टिपलेल्या दरांतील चढउतार या एका व्यवहारापुढे किरकोळ ठरले.

विमानतळावरचा दर महाग असण्याचे कारण उघड आहे: जागेचे भाडे भरमसाट असते आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्यास वेळ नसतो. मराठवाड्यातील प्रवासी नेमका तेथेच सापडतो. जालना, हिंगोली, बीड अशा ठिकाणी परकीय चलन हातोहात मिळेल अशी जागा सहसा सापडत नाही, जवळच्या बँक शाखेत विचारले तर मोठ्या शहरातील शाखेचा पत्ता मिळतो, आणि शेवटी माणूस मुंबईच्या किंवा हैदराबादच्या विमानतळावर पोहोचून रांगेत उभा राहतो. यावर उपाय म्हणजे प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी छत्रपती संभाजीनगरला, किंवा ज्या शहरातून विमान आहे तेथील गावातल्या भागात, अधिकृत चलन विक्रेत्याकडून चलन घेऊन ठेवणे. त्यासाठी पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि लागत असल्यास व्हिसा जवळ ठेवावा. परकीय चलन अधिकृत व्यक्तीकडूनच घ्यावे लागते, हा १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा, म्हणजे फेमाचा नियम आहे. अधिकृत विक्रेत्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रुपयांचे चलन घ्यायचे असेल, तर पैसे रोख न देता बँकेमार्फत द्यावे लागतात.

थायलंडसाठी गुरुजींनी थोडे डॉलरही घेतले होते, आणि त्यांचा सर्वांत चांगला व्यवहार तोच ठरला. संभाजीनगरला त्यांना डॉलर ९१ रुपयांना मिळाला. बँकॉक शहरातील एका दुकानात शंभर डॉलरची कोरी नोट देऊन त्यांना प्रत्येक डॉलरमागे ३१.९५ बाथ मिळाले. ९१ भागिले ३१.९५ केले, की एक बाथ २ रुपये ८५ पैशांना पडला. दोनदा चलन बदलूनही बट्टा १.७ टक्के, आणि एकदाच बदलून विमानतळावर ११ टक्के. “दोनदा बदलले की दोनदा नुकसान” हे सरसकट खरे नाही. प्रत्येक बदलाला किती टक्के जातात त्यांची बेरीज करून दोन्ही वाटा ताडून पाहाव्या लागतात. जी चलने आपल्याकडे फारशी फिरत नाहीत, उदाहरणार्थ व्हिएतनामचा डोंग किंवा इंडोनेशियाचा रुपिया, त्यांच्यासाठी डॉलरची वाट बहुधा स्वस्त पडते. उलट दिरहम, सिंगापूर डॉलर, युरो, पौंड आपल्या मोठ्या शहरांत रोज विकले जातात, तेथे मधल्या डॉलरची गरज सहसा नसते. एक बारीक गोष्ट येथेच सांगतो: आग्नेय आशियात शंभर डॉलरच्या नोटेला लहान नोटांपेक्षा बरा दर मिळतो, आणि दुमडलेली, शाईचा डाग असलेली नोट अनेक ठिकाणी नाकारतात. डॉलर घेताना काउंटरवरच प्रत्येक नोट तपासून घ्यावी.

आता कार्डाकडे वळू. परदेशात कार्ड वापरले, की व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांची जाळी प्रथम स्वतःच्या दराने रुपयांत हिशोब करते. हा दर मध्य दराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक ‘परकीय चलन अधिभार’ लावते. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो आणि अधिभारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. लाखाला ४,१३० रुपये. काही कार्डांवर तो दोन टक्के किंवा शून्यही असतो; आपल्या कार्डावर किती आहे हे निघण्यापूर्वी बँकेला विचारून घेणे, एवढ्या एका प्रश्नावर मोठी बचत होते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे मात्र टाळावे. त्यात रोख काढण्याचे शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होते. तसेच रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू स्थितीत मिळतात. परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावा लागतो, आणि ते काम घरी बसून करावे.

बाईंच्या रेशमी कापडाची पावती मी भिंग घेऊन वाचली, कारण सर्वांत नकळत होणारे नुकसान त्या पावतीत होते. कापडाची किंमत ४,५०० बाथ. दुकानदाराने कार्डाचे यंत्र पुढे केले आणि पडद्यावर दोन चौकोन आले: एकात ४,५०० बाथ, दुसऱ्यात १३,४८२ रुपये. रुपये ओळखीचे, आकडा समजणारा, म्हणून बाईंनी रुपयांच्या चौकोनावर बोट ठेवले. कोणीही ठेवले असते. पण त्या एका स्पर्शाने रुपयांत रूपांतर करण्याचे काम कार्डाच्या जाळ्याकडून निघून दुकानाच्या यंत्रामागील कंपनीकडे गेले, आणि तिने मध्य दरावर सात टक्के चढवले. बाथचा चौकोन दाबला असता, तर १२,६०० रुपये आणि बँकेचे ४.१३ टक्के मिळून १३,१२० रुपये लागले असते. म्हणजे साडेचार हजार बाथच्या कापडात ३६२ रुपये जास्त गेले. शिवाय परदेशातील दुकानात रुपयांत व्यवहार केला, तरी काही बँका त्यावर वेगळे शुल्क लावतात. बारीक अक्षरांत पावतीवर लिहिलेले होते, “ग्राहकाने चलनाची निवड स्वतः केली आहे.” या प्रकारात नियमाला जवळजवळ अपवाद नाही: परदेशात यंत्राने विचारले, की त्या देशाचे चलन निवडावे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, हॉटेलच्या काउंटरवर तर कर्मचारी न विचारताच रुपये निवडून पावती पुढे करतो. तेव्हा सही करण्यापूर्वी थांबवावे आणि व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रीपेड फॉरेक्स कार्ड हा मधला मार्ग आहे. त्यात रक्कम भरताना दर कायम होतो, त्यामुळे सहलीचा खर्च आधी कळतो. परंतु कार्डात डॉलर भरून बाथमध्ये खर्च केला, तर पुन्हा एक रूपांतर शुल्क लागते. म्हणून ज्या देशात जायचे तेच चलन भरावे. हॉटेल अनामत म्हणून कार्डावरची रक्कम अडवून ठेवते, आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात, हेही लक्षात ठेवून थोडी जास्त रक्कम ठेवावी.

काही चलनांच्या बाबतीत दराचे गणित फार सोपे होते, कारण ती एखाद्या दुसऱ्या चलनाला बांधलेली आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या प्रमाणात आहे, आणि सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५. आपल्या भागातून उमरा आणि हजला पुष्कळ लोक जातात. त्यांना डॉलरचा दर कळला, की रियालचा आपोआप काढता येतो. डॉलर ९० असेल, तर ९० भागिले ३.७५, म्हणजे रियाल बरोबर २४ रुपये. दिरहम २४ रुपये ५१ पैसे. कोणी दिरहमला २५.६० सांगितले, तर साडेचार टक्के वर मागतो आहे हे तोंडी हिशोबाने कळते. “रियाल वाढला” असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः रियाल जागेवरच असतो, रुपया डॉलरच्या तुलनेत उतरलेला असतो. नेपाळचे त्याहून सोपे आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हे प्रमाण कायम आहे. लुंबिनीला जाणाऱ्या आपल्या बौद्ध बांधवांनी एवढेच पाहावे की दुकानदार सांगतो ती किंमत भारू, म्हणजे भारतीय रुपये आहे, की नेरू, म्हणजे नेपाळी रुपये. ८०० नेरू म्हणजे ५०० भारू. भूतानचा नुल्त्रुम तर आपल्या रुपयाबरोबर एकास एक आहे.

याच्या उलट, आकड्यांवरून देशाची महागाई ठरवण्याची चूक फार जण करतात. एका डॉलरला पंचवीस हजारांहून अधिक डोंग मिळतात, म्हणून व्हिएतनाममध्ये आपण लखपती होत नाही, कारण तेथे एका वेळच्या जेवणाचे बिलही लाखाच्या घरात जाऊ शकते. जपानचा येन रुपयाहून लहान आहे, आणि आपल्याकडे त्याचा दर शंभर येनमागे सांगतात. तक्त्यात येनपुढचा आकडा पाहून तो एका येनचा समजणाऱ्याचा हिशोब शंभरपट चुकतो. एका येनला कमी पैसे पडतात यावरून जपान स्वस्त ठरत नाही. चलनाचे एकक किती मोठे ठेवायचे ही त्या त्या देशाच्या इतिहासाची गोष्ट आहे. महागाई पाहायची, तर पाण्याची बाटली, बसचे तिकीट, साधे जेवण अशा चार वस्तूंची तेथील किंमत रुपयांत करून आपल्या गावाशी ताडावी.

दर रोज का हलतो, याचे उत्तर पुन्हा मोंढ्यात आहे: आवक आणि मागणी. निर्यात, परदेशात राहणाऱ्यांनी घरी पाठवलेले पैसे, परकीय गुंतवणूक यांतून डॉलरची आवक होते. कच्चे तेल, सोने, खाद्यतेल, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांची आयात, परदेशी शिक्षण आणि आपल्या सहली यांसाठी डॉलर बाहेर जातो. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, म्हणून तेल भडकले की डॉलरची मागणी वाढते आणि रुपयावर दाब येतो. अमेरिकेत व्याजदर वाढले, तरी गुंतवणूकदार तिकडे वळतात आणि तोच परिणाम होतो. रिझर्व्ह बँक फार मोठे हेलकावे बसू नयेत म्हणून डॉलर विकते किंवा घेते, पण ती दर ठरवून देत नाही. पूर्वी तसे होते: ६ जून १९६६ रोजी सरकारने एका रात्रीत डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला, जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, आणि मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोपवला गेला. लातूरच्या सोयाबीनवाल्याचाही या दराशी संबंध आहे. रुपया उतरला की बाहेरून येणारे पाम आणि सोयाबीन तेल महाग पडते, आणि बाकी गोष्टी तशाच राहिल्या तर देशी तेलबियांना तेवढा आधार मिळतो. जो दर सहलीला जाणाऱ्याला बोचतो, तोच कुणाला हात देतो.

मग दर उतरण्याची वाट पाहावी का? माझे मत स्पष्ट आहे: पर्यटकाने यात गुंतू नये. डॉलर वीस पैशांनी हलला तर एक लाख रुपयांच्या खरेदीत फरक पडतो सुमारे २२० रुपयांचा. चुकीचे कार्ड, चुकीची खिडकी किंवा चुकीचा चौकोन यांत लाखाला चार ते अकरा हजार जातात. दराचे भाकीत बँकांच्या तज्ज्ञांनाही सातत्याने जमत नाही. ज्याला काळजी वाटते त्याने गरजेचे चलन दोन-तीन हप्त्यांत घ्यावे, म्हणजे सरासरी दर पडतो आणि मनाला हुरहुर लागत नाही. शनिवारी-रविवारी बाजार बंद असल्यामुळे विक्रेते दरात थोडा जास्त फरक ठेवतात, म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी खरेदी करावी.

सहल कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी एका ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. माहितीपत्रकात किंमत बहुधा ‘एक लाख दहा हजार रुपये अधिक ६०० डॉलर’ अशी दिलेली असते. ते ६०० डॉलर रुपयांत घेताना कोणत्या दिवसाचा आणि कोणाचा दर लावणार, हे लिहून घ्यावे. आमच्या सिंगापूरच्या सहलीत आयोजकाने अखेरच्या हप्त्याला बँकेच्या विक्री दराहून अडीच रुपये जास्त लावले. चौघांचे मिळून सहा हजार रुपये जास्त गेले आणि करारात दराबद्दल अक्षरही नसल्यामुळे बोलायला जागा उरली नाही. त्या सहा हजारांची खंत मला आजही आहे, म्हणून हे सांगतो आहे.

सरकारी करांपैकी चलनखरेदीवरचा जीएसटी फार नसतो. एक लाखापर्यंतच्या खरेदीत रकमेचा एक टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो. लाखाला १८० रुपये आणि लहान खरेदीला किमान ४५. परदेशी टूर पॅकेजवर, आणि ठरावीक मर्यादेपुढे परदेशी पाठवलेल्या रकमेवर, उगमस्थानी कर गोळा केला जातो, त्याला टीसीएस म्हणतात. त्याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पांत बदलत आल्या आहेत, म्हणून त्या वर्षीचा दर पाहावा. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही अशी आपली पेन्शनर मंडळी विवरणपत्र भरत नाहीत आणि ही रक्कम सोडून देतात. ती सोडू नये.

नेण्याच्या मर्यादा सामान्य पर्यटकाला पुरेशा आहेत. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन वापरता येते. रोख नोटांच्या स्वरूपात मात्र बहुतेक देशांसाठी एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच मिळते, बाकी कार्डावर घ्यावे लागते. हज आणि उमरा यात्रेकरूंना यात सवलत आहे. भारतीय रुपये जाता-येता जवळ ठेवायचे, तर पंचवीस हजारांपर्यंत ठेवता येतात, पण थायलंड किंवा युरोपात ते बदलून घेण्याच्या भरवशावर नेऊ नयेत, कारण तेथे आपल्या रुपयाला फार पडता दर मिळतो.

गुरुजींकडे परत आल्यावर २,३४० बाथ उरले होते, त्यांत नाणी बरीच. परतल्यापासून १८० दिवसांच्या आत उरलेले चलन मोडावे लागते. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात, आणि नाण्यांना मर्यादा नाही. नाणी येथे कोणी घेत नाही हे त्यांना मुंबईला कळले. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात आधी नाणी आणि सुट्ट्या नोटा देऊन राहिलेली रक्कम तेवढी कार्डाने बाथमध्ये भरली असती, तर ती तेथेच खपली असती. नोटा त्यांनी मोडल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी बँकॉकला जाणार आहे. विमानतळावरून शहरात जाण्यापुरते बाथ तिच्याकडे आधीपासून असावेत, म्हणून बाईंनी त्या नोटा पासपोर्टच्या पाकिटात ठेवल्या आहेत.